मुराळ्याचं विमान

मला कुठेही वेळेवर पोचता येत नाही. मी फार आधी पोचते. लग्नाच्या हॉलवर माणसं खुर्च्या मांडत असतात तेव्हा त्यातलीच एक ओढून घेऊन मी बसलेली असते, आणि यजमान आले की मीच त्यांना ‘या, या’ म्हणते. नवरा याला आजार म्हणतो. आमचं घर द्वारकेत, विमानतळाच्या इतकं जवळ की बाल्कनीत कपडे वाळत घालताना विमानांची पोटं दिसतात. तरी साडेबाराच्या विमानासाठी मी सकाळी आठला बूट घालून, स्वेटरवर शाल घेऊन सोफ्याच्या कडेला बसले होते.

जानेवारी होता. धुकं असं की खालच्या गेटवरचा गार्ड दिसत नव्हता, नुसता त्याचा खोकला वर येत होता. दिल्लीत तीसेक वर्षं काढल्यावर धुक्याचं कौतुक राहत नाही. विमान किती लेट होणार, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

मी निघाले होते उदयपूरला, भावाला भेटायला. हा माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. पन्नाशी उलटली, डोक्यावर केस नाहीत, पण त्याला धाकटा म्हणायची सवय जात नाही. आमची आई गेल्या थंडीत गेली. वडील त्याच्या बरेच आधी. पुण्यातलं त्यांचं घर भाड्याचं होतं, ते आम्ही दोघांनी मिळून रिकामं केलं आणि किल्ली मालकाच्या हातात ठेवली. तेव्हापासून कोणी विचारलं तर मी सांगायची, मला आता माहेर नाही. यात रडण्यासारखं काही वाटायचं नाही. पत्ता बदलला की लोकांना कळवतात, तसं मी कळवत होते. लोक म्हणायचे, असं कसं, भावाचं घर आहे की! आहेच. भावजय चांगली आहे, जेवायला आग्रह करते. पण तिथे माझ्यासाठी कपाटातून नवा टॉवेल काढतात. आई कधी टॉवेल काढून द्यायची नाही, ‘दांडीवर आहे बघ’ म्हणायची.

खरी अडचण वेगळी होती. भावाचं आणि माझं जे काही बोलणं होतं, ते आईमार्फत चालायचं. त्याचा गुडघा दुखतो हे मला आईकडून कळायचं, माझं ऑफिसात कोणाशी वाजलंय हे त्याला आईकडून. ती गेल्यावर गुडघ्याचं पुढे काय झालं ते मला कळेना, आणि एकदम विचारावं कसं तेही सुचेना. महिन्या-दोन महिन्यांनी फोन व्हायचा. ‘तुमच्याकडे थंडी फार ना?’ ‘हो, फार.’ मग दोघंही गप्प, आणि मग कोणाच्या तरी घरची बेल वाजायची. माझ्याकडची बेल तरी बऱ्याचदा वाजलेली नसायची.

दिवाळीनंतर एकदा त्याचा फोन आला आणि हवामान संपल्यावरही त्याने तो ठेवला नाही. म्हणाला, ‘ताई, चार दिवस कुठेतरी जाऊया का? आपण दोघंच. ना भावजी, ना माझी बायको, ना पोरं.’

‘कुठे?’

‘कुठेही. जिथे आपल्या ओळखीचं कोणी आजारी नाही अशा गावी.’

गेली काही वर्षं आम्ही भेटलो ते दवाखान्याच्या बाकांवरच, म्हणून त्याचं म्हणणं मला पटलं. उदयपूर ठरलं. तो मुंबईवरून येणार, मी दिल्लीहून, आणि संध्याकाळी तळ्याकाठच्या हॉटेलात भेटायचं. मला आनंद झाला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. चार दिवस बोलणार काय? हे चार दिवस नीट गेले नाहीत, तर पुढे आम्ही लग्नामुंजीत भेटणारे नातेवाईक होऊन राहणार, हे मला अगदी स्वच्छ दिसत होतं.

त्या सकाळी नवरा विचित्र वागत होता. एरवी मी प्रवासाला निघाले की हा माणूस पेपरमागून ‘पोचलीस की फोन कर’ म्हणतो आणि मी लिफ्टमध्ये शिरायच्या आत हातपाय पसरतो. त्या दिवशी म्हणाला, ‘अजून एक चहा घेऊ की.’ घेतला. मग त्याची बीपीची गोळी सापडेना. ती रोजच्या डबीत, रोजच्या जागी होती. मग म्हणाला, टॅक्सी कशाला, मी सोडतो. आणि लगेच गाडीची किल्ली हरवली. आम्ही उशा उलट्यापालट्या केल्या.

‘अहो, काल तुम्हीच अडकवलीत ना खिळ्याला?’

‘हो ना. पण बघ, नाहीये.’

शोधणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जी चिंता असते ती त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. इतक्या वर्षांनी याला माझा विरह वाटायला लागला की काय, अशी शंका येऊन मला अवघडल्यासारखं झालं. मी मोबाइलवर टॅक्सी बोलावली. तो म्हणाला, ‘अगं, धुक्यात टॅक्सी येणार नाही.’ ती आली.

निघताना सासूबाईंच्या पाया पडले. त्या हीटरपाशी पलंगावर बसून होत्या. पंच्याऐंशी उलटलेल्या. कधी त्यांना आजचं सगळं नीट कळतं, तर कधी त्या मागल्या एखाद्या वर्षात जाऊन बसतात आणि तिथूनच आमच्याशी बोलतात. ‘कुठे निघालीस?’ म्हणाल्या. मी उदयपूर म्हटलं. ‘ऑफिसचं काम?’ मी हो म्हटलं. समजावून सांगत बसले असते तर उशीर झाला असता, म्हणजे माझ्या हिशेबाने. त्या म्हणाल्या, ‘कानाला बांध काहीतरी.’

विमानतळावर माणसं धुक्याला कंटाळून खुर्च्यांवर आडवी झाली होती. एक मोठं कुटुंब जमिनीवर चादर पसरून पराठे खात होतं, आणि लोणच्याचा वास सगळ्या गेटभर होता. बोर्डावर एकेका विमानापुढे उशिराची सूचना झळकत होती. सगळी लेट, एक माझं सोडून. उदयपूरचं विमान वेळेवर निघणार होतं. मी बॅग देऊन, तपासणी उरकून, गेटासमोरच्या पहिल्या रांगेत जागा धरली आणि समोरच्या काचेतून काहीही न दिसणाऱ्या धुक्याकडे बघत बसले. मला अशा जागी बरं वाटतं. आपलं काम झालेलं असतं आणि दुसरं कोणी काही मागत नाही.

बराच वेळ गेल्यावर नवऱ्याचा फोन आला. उचलला तर आवाज भावाचा.

‘ताई, कुठे आहेस?’

‘विमानतळावर. तू?’

‘तुझ्या घरी.’

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. मग मागून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, ‘तिला म्हणावं, मुराळी आलाय न्यायला!’

हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. माझी मुलगी दिल्लीत वाढली, तिला विचारलं तर ती म्हणेल, ‘अच्छा, म्हणजे बासरी ना?’ पूर्वी सासरच्या मुलीला सणाला नुसतं बोलावत नसत, तिला आणायला माणूस पाठवत. तो मुराळी. बहुतेक भाऊच असायचा. त्याने सासरच्या दारात यायचं, सासूला विचारायचं, तिच्या हातचं जेवायचं आणि मग बहिणीला घेऊन निघायचं. माझ्या लग्नाच्या काळात हे कोणी करत नव्हतं, पण आमचे वडील या एका बाबतीत हट्टी होते. मी दिल्लीत एकटी नोकरीला जात होते, एकटी बँकेत जात होते, तरी पहिल्या संक्रांतीला त्यांनी कॉलेजातल्या या भावाला रेल्वेने इतक्या लांब धाडलं, नुसतं मला घेऊन परत यायला. मला तेव्हा लाज वाटली होती. ऑफिसात मी सांगितलं होतं की भाऊ दिल्ली बघायला आलाय.

आता तोच भाऊ फोनवर धापा टाकत सगळं सांगत होता. मुंबईवरून येणार ही थाप होती. त्याने माझ्याच विमानाचं तिकीट काढलं होतं. पहाटे पुण्याहून निघून दिल्लीला उतरायचं, द्वारकेला यायचं आणि मला घरून घेऊन निघायचं, असा बेत. धुक्यामुळे त्याचं विमान वरच घिरट्या घालत राहिलं. नवऱ्याला त्याने एकच काम सांगितलं होतं, मला घरात थांबवून धरायचं.

‘किल्ली लपवली होती मी!’ मागून नवरा ओरडला. ‘ही थांबते होय!’

‘अरे पण तू विमानतळावर उतरलास,’ मी म्हटलं. ‘मी विमानतळावरच आहे. मला फोन करायचास, इथेच भेटलो असतो.’

‘मुराळी विमानतळावर भेटतो होय? दारात जावं लागतं.’

मी घड्याळ बघितलं. ‘आत्ताच्या आत्ता निघ.’

‘निघतो गं. पण काकू सोडत नाहीयेत. पान वाढलंय.’

काकू म्हणजे सासूबाई. त्यांनी फोन हातात घेतला आणि मला दरडावलं, ‘तू तुझं ऑफिस बघ. मुराळ्याला उपाशी पाठवायची रीत नाही आपल्याकडे.’ मी इतक्या जोरात ‘दोन घास खा आणि पळ!’ म्हटलं की पराठेवाल्या कुटुंबातल्या आजीबाई माझ्याकडे वळून बघायला लागल्या. भाषा कळली नसावी, पण वाक्य कळलं असावं.

मग मी वाट बघितली. मला वाट बघायची सवय आहे, मी जन्मभर लवकर पोचून तेच करत आले आहे. पण ती बसून बघायची वाट. ही उभ्याने होती. रांग लागली, रांग सरकली, रांग संपली. भावाचा मेसेज आला, टॅक्सीत बसलो. मग, दारात आहे, आत सोडायला रांग आहे. मग, तपासणीच्या रांगेत. गेटावर माझं नाव पुकारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते कानाआड केलं. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा गेटावरची मुलगी माझ्यासमोरच येऊन उभी राहिली.

‘मैम, बस आप ही रह गई हैं. प्लीज़ बोर्ड कीजिए.’

‘मेरा भाई आ रहा है. सिक्योरिटी में है.’

‘आप तो बैठिए, मैम. उनको अगली फ्लाइट मिल जाएगी.’

‘वो मुझे लेने आया है.’

‘लेने?’ ती गोंधळली. ‘लेकिन मैम, आप तो जा रही हैं.’

माझं हिंदी चांगलं आहे. भाजीवाल्याशी भांडण्यापासून मंत्रालयातल्या टिपणीपर्यंत सगळं मी त्यात निभावते. पण ते वाक्य जुळवताना माझी तारांबळ उडाली. मी म्हटलं, मायके से भाई आता है ना, त्योहार पर, ससुराल से ले जाने. तिने डोळे मोठे केले. ‘अच्छा, लिवाने आए हैं! हमारे पानीपत में भी आते थे. अब तो भाई लोग सीधा कैब बुक कर देते हैं.’ ती हसली, वॉकीटॉकीत काहीतरी बोलली आणि एक-दोन मिनिटं थांबते म्हणाली. तेवढी ती खरोखर थांबली. मग म्हणाली, ‘मैम, अब गेट बंद करना पड़ेगा. चल रही हैं?’

मी आयुष्यात एकही गाडी चुकवलेली नाही. आत जाऊन बसले असते तर काही बिघडलं नसतं. संध्याकाळच्या विमानाने तो मागून आला असता, आम्ही तळं बघितलं असतं, थंडी फार आहे म्हणालो असतो. पण मला न्यायला कोणी येईल ही अपेक्षाच मी वर्षापूर्वी काढून टाकली होती, आणि तो आला तेव्हा मी घरी नव्हते. आता तो धावत गेटापर्यंत येणार आणि मी तिथेही नसणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

‘नहीं,’ मी म्हटलं. तिने दार लावून घेतलं.

भाऊ आला तेव्हा काचेपलीकडे विमानाला जोडपूल अजून लागलेला होता. तो लंगडत धावत होता. एका हातात कमरेचा पट्टा, दुसऱ्या हातात पिशवी, बुटांच्या नाड्या सुटलेल्या. मला बघून थांबला आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकला.

‘चढली का नाहीस?’ तो ओरडलाच. ‘वेडी आहेस का?’

‘तू जेवत का बसलास?’

‘काकू उठू देईनात! आणि कढी होती.’

ती कढी मीच सकाळी करून ठेवली होती. आम्ही तिथेच कडाकडा भांडलो. तुला सरप्राइजची अक्कल कोणी शिकवली, तुला चार तास आधी यायची गरज काय, जन्मभर हेच करत आलीस, तूही जन्मभर हेच करत आलास. आईच्या स्वयंपाकघरात भांडायचो तसे, त्याच आवाजात. पानिपतची मुलगी दुसरीकडे बघत उभी राहिली. आपण किती दिवसांनी नीट बोलतो आहोत, हे मला मधेच जाणवलं, पण मी भांडण सोडलं नाही.

आमच्या दोघांच्याही बोर्डिंग पासवर रद्दचा शिक्का मारून, एका जवानाच्या सोबतीने आम्हाला उलट्या वाटेने बाहेर आणलं. माझी बॅग विमानातून उतरवली होती. ती घ्यायला आम्ही सरकत्या पट्ट्यापाशी जाऊन उभे राहिलो. पुढचं विमान संध्याकाळी होतं आणि त्यात जागा होती. आजूबाजूला ठिकठिकाणांहून दिल्लीत आलेली माणसं ट्रॉल्या घेऊन उभी होती, आणि त्यांच्यात आम्ही, कुठेही न जाता आलेले.

मी गुडघ्याचं विचारलं. त्याने सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले, त्याला काय वाटतं, बायकोला काय वाटतं. पट्टा रिकामाच फिरत होता.

मग तो म्हणाला, ‘काकूंनी मला ओळखलं गं. मला वाटलं नव्हतं. दार उघडल्या उघडल्या म्हणाल्या, आलास? या खेपेला फार उशीर केलास.’

‘मग?’

‘मी नमस्कार केला. म्हटलं, काकू, ताईला चार दिवस नेऊ का?’

‘काय म्हणाल्या?’

‘म्हणाल्या, ने की. पण नेतोस तर आठ दिवस तरी ने. चार दिवसांत आईचं काय समाधान व्हायचं.’

आई गेल्याचं सासूबाईंना माहीत होतं. तेव्हा रात्रभर त्या माझ्याजवळ बसल्या होत्या. पण आज त्या दुसऱ्याच एखाद्या संक्रांतीत होत्या, हे उघड होतं.

‘मग पान वाढताना त्यांनी विचारलं, आई कशी आहे,’ भाऊ म्हणाला.

‘तू काय सांगितलंस?’

तो पट्ट्याकडे बघत होता. ‘बरी आहे म्हटलं.’ थोड्या वेळाने म्हणाला, ‘वाट बघतेय म्हटलं.’

बॅग आली, माझ्यासमोरून गेली आणि मी ती उचलली नाही. मी रडत होते. आईच्या दिवसांत रडले नव्हते, घराची किल्ली देताना रडले नव्हते, आणि आता त्या गर्दीत तोंडाला शाल लावून मोठ्याने रडत होते. लोकांना वाटलं असेल, कोणीतरी गेलंय. भाऊ पट्ट्याच्या कडेने लंगडत गेला आणि वळणावर बॅग उचलून घेऊन आला. त्याचेही डोळे लाल होते.

‘चल, ताई,’ तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत आम्ही घरी जाणार होतो की तिथेच बसणार होतो, काहीच ठरलेलं नव्हतं. मी कुठे म्हणून विचारलं नाही. न्यायला आलेल्या माणसाला तसं विचारत नाहीत.